उघडायचं त्याला लाल

हातोडीचा आवाज सुरू झाला तेव्हा रुचिराने पोहे परतायला घेतले होते. पोहे खाऊन झाले, ताटल्या घासून झाल्या, तरी तो थांबायचं नाव घेईना. ठण, ठण, ठण. मध्येच एक शिवी, तीही अर्धवट गिळलेली, कारण अंगणात सासरे बसलेले. मग पुन्हा ठण. लखनऊचं जून महिन्यातलं ऊन, त्यात रविवार, त्यात नवऱ्याच्या हातात हातोडी. एकाच सकाळी एकाच बाईच्या वाट्याला एवढं सगळं यावं, हे काही बरं नव्हे असं तिला वाटलं.

तिला सोमवारची काळजी होती. सोमवारी सकाळी तिला बख्शी का तालाबच्या शाखेत मॅनेजर म्हणून रुजू व्हायचं होतं. बँकेत लागल्यापासून बढती दोनदा चालून आली आणि दोनदा तिने सोडली. पहिल्यांदा लेक पायल लहान होती म्हणून, दुसऱ्यांदा सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिने घरात कुणाला विचारलंच नाही, होकार कळवूनच घरी आली. शाखा शहराच्या पार पलीकडे, सीतापूर रोडवर. घर इकडे लष्कराच्या छावणीच्या मागे, तेलीबागेत. रोज जायचं-यायचं तर स्वतःची गाडी हवी. गाडी होती, सासऱ्यांची. पांढरी, जुनी, दोन वर्षं ताडपत्रीखाली उभी. रुचिराने ऐन पन्नाशीच्या तोंडावर ड्रायव्हिंग स्कूल लावलं, छावणीच्या मोकळ्या रस्त्यांवर पहाटे पहाटे हात साफ केला, लायसन्स काढलं. गाडीला नवी बॅटरी घातली, नवे टायर घातले. राहिले ते फक्त पुढचे ब्रेक.

ब्रेकचं काम गल्लीच्या तोंडावरच्या मिस्त्रीचं. त्याने नव्या डिस्क आणि पॅड आणून व्हरांड्यात ठेवलेही, आणि जाताना म्हणाला, "भाभीजी, ज़रा आम उतरवा लें, फिर आके लगा देंगे." मलिहाबादला त्याच्या मामाच्या बागेत त्याची भागी होती. दशहरी आंबे उतरायला लागले की तो पाने-हातोड्या टाकून तिकडे जायचा, आणि बाग रिकामी होईपर्यंत लखनऊतल्या गाड्या त्याच्या लेखी नसायच्याच. फोन केला की मागे कोकीळ ऐकू यायची आणि हा म्हणायचा, बस, दो दिन. आंब्यांची पेटी मात्र त्याने न चुकता पाठवली होती.

तेव्हा तिचा नवरा, प्रफुल्ल, म्हणाला, त्यात काय आहे, मी करतो. 'त्यात काय आहे' हे शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडले की रुचिरा सावध होई. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन, वॉशिंग मशिनचा पाइप आणि दिवाणखान्यातलं घड्याळ या तिघांना आजवर हेच शब्द भोवले होते. पण दुसरा इलाज नव्हता. चाकाच्या मागे जी लोखंडी तबकडी असते ती डिस्क. ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्हीकडून धरतात आणि गाडी थांबते. दोन वर्षं जागेवर राहून त्या तबकड्या गंजल्या होत्या, त्यांच्यावर खाचा पडल्या होत्या. जुनी निघाल्याशिवाय नवी बसत नव्हती. आणि जुनी निघत नव्हती.

रुचिरा पदराने हात पुसत बाहेर आली. गाडीचं डावीकडचं नाक वर उचललेलं, खाली जॅक, जॅकच्या बाजूला रेल्वेच्या स्लीपरचा लाकडी ठोकळा. ठोकळा सासऱ्यांचा, त्यात शंकाच नाही. चाक निघालं होतं, पॅड धरून ठेवणारा सांगाडा सोडवून तारेने वर टांगला होता. एवढं मात्र प्रफुल्लने नीट केलं होतं. आता फक्त डिस्क उरली होती, मधोमध चंदेरी, कडेला गंजकी, आणि ती चाक बसतं त्या हबवर अशी बसली होती की प्रफुल्लच्या घामाने थबथबलेल्या बनियनशी तिचं काही देणंघेणं नव्हतं.

"किती राहिलंय?" तिने विचारलं.

"निघतेच आहे," प्रफुल्ल म्हणाला.

"हे मी पोह्यांच्या आधी ऐकलं."

"अगं, गंज धरलाय ना. जरा धीर धर."

कडुनिंबाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर तिचे सासरे, श्रीपतराव, बसले होते. पांढरा पायजमा, बंडी, डोळ्यांवर काळा चष्मा. काचबिंदूने त्यांची कडेची नजर नेली होती. समोरचं दिसे, बाजूचं नाही. रेल्वेच्या कारखान्यात डब्यांच्या चाकांखाली आयुष्य घालवलेला माणूस. तरुणपणी अमरावतीहून निघून लखनऊला आले ते इथलेच झाले, पण बोलणं अजून तिकडचंच होतं.

"मागून मार," ते म्हणाले. "समोरून काय मारून राहिला? मागून, फिरवून फिरवून मार."

प्रफुल्लने मागून मारली. ठण. बदल म्हणून हाताच्या बोटावरही एक मारली.

श्रीपतरावांची एक पद्धत होती, आणि ती या घरात सगळ्यांना पाठ होती. ते रंगाचे वेडे होते. कारखान्यात विश्वकर्मा पूजेच्या दिवशी सगळे आपापल्या मशिनला हार घालत, कुंकू लावत, मिठाई वाटत. श्रीपतराव बौद्ध, पूजा करायचे नाहीत, पण त्या दिवशी आपलंच मशीन तेवढं उघडंबोडकं दिसावं हे त्यांना सोसत नसे. म्हणून ते त्या दिवशी त्याला रंग देत. साहेब विचारी, ये क्या? ते म्हणत, अपना यही है, साहब. निवृत्तीनंतर तोच रिवाज घरी आला. विजयादशमीला सकाळी बुद्धवंदना व्हायची, सासूबाई गयाबाई खीर करायच्या, आणि शेजारीपाजारी गाड्यांना झेंडूचे हार घालत तेव्हा श्रीपतराव गाडीची चाकं उतरवून आतून-बाहेरून चंदेरी रंग मारत बसायचे. पॅड घासतात तेवढी कड सोडून बाकी सगळं. दर वर्षी एक हात. गाडी उभी राहिली त्यानंतरच्या दोन्ही विजयादशमींनाही त्यांनी हे सोडलं नव्हतं.

शिवाय ठिपका. जे उघडायचं त्याला लाल ठिपका, आणि ज्याला ठिपका नाही त्याला हात लावायचा नाही, हा त्यांच्या कारखान्यातला नियम त्यांनी घराला लावला होता. गॅसच्या रेग्युलेटरवर लाल ठिपका, पाण्याच्या टाकीच्या वॉल्ववर लाल ठिपका, मीटरच्या पेटीवर, गयाबाईंच्या साखरेच्या डब्यावरसुद्धा. लाडवांच्या डब्यावर प्रफुल्ल लहान असताना नव्हता आणि त्याने चाळिशी ओलांडली तरी आला नाही. गाडीचंही तसंच. तीन दारांच्या कड्यांखाली ठिपके होते. ड्रायव्हरच्या दाराखाली नव्हता. ते दार श्रीपतराव उघडत, दुसरं कुणी नाही. प्रफुल्लला गाडी येत होती, पण बापाकडे कधी मागितली नाही; सरळ स्कूटर घेतली.

पायल कॉलेजची पुस्तकं सोडून मोबाइल घेऊन आली. मराठी तिला सगळं समजायचं, बोलायची मात्र हिंदी. "पापा, ये देखो. ये बंदा बोल रहा है कि डिस्क पे दो स्क्रू होते हैं, पहले वो खोलो. फिर दो छेद होते हैं, उनमें बोल्ट कसते जाओ तो डिस्क अपने आप बाहर आती है."

प्रफुल्लने हातोडी खाली ठेवली, डोळ्यांतला घाम पुसला आणि वाकून पाहिलं. डिस्कचा मधला भाग गुळगुळीत चंदेरी होता. ना स्क्रू, ना छेद.

"बाबा, आपल्या गाडीला स्क्रू आहेत का हो?"

श्रीपतरावांनी काळा चष्मा नाकावर सरकवला. "नाही," ते म्हणाले. "ते दुसऱ्या मॉडेलले असतात. तू मार. मागून मार."

त्यावर शेजारच्या गच्चीवरून जयसिंग म्हणाले की फौजेत असताना त्यांनी असल्या जाम डिस्कवर कोल्ड ड्रिंक ओतलं होतं. फौजेत असताना जयसिंगांनी काय केलं नव्हतं हा प्रश्नच होता, पण प्रफुल्लने पायलला दुकानात पिटाळलं. बाटली आली, डिस्कवर ओतली गेली, फेस आला, तो जिरला, आणि मग मुंग्या आल्या. डिस्क होती तिथेच. जयसिंग म्हणाले, "थोड़ा वक़्त दीजिए, भाईसाहब. लोहा है, मान जाएगा," आणि उन्हाला कंटाळून आत निघून गेले.

गयाबाई व्हरांड्यात आंबे पाण्यात टाकत होत्या. "मी म्हनते, एवढा जीव काहून काढता?" त्या म्हणाल्या. "तिकडंच एखादी रूम घे ना, रुचिरा. शनिवार-रविवार येत जा. नाहीतर सांगून दे बँकेले, पुढच्या वर्षी देजा म्हना."

"बँक देत नाही असं, आई. उद्या गेले नाही तर गेली बढती."

"मग जा की. कॅब कर उद्याच्या दिवस."

प्रफुल्लला हे पटलं. जेवायला बसल्यावर त्याने तेच उचललं. त्याचे दोन्ही तळहात सोललेले, बोटाला चिंधी. पानातला भातसुद्धा तो चमच्याने खात होता. "आई बरोबर म्हणतेय. उद्या एक दिवस कॅबने जा. मग मिस्त्री आला की..."

"मिस्त्री आंबे संपल्यावर येणार. मग पाऊस लागेल. मग तुम्ही म्हणाल, पावसात नवीन हात, कशाला. मग दसरा येईल आणि बाबा तिला रंग मारतील." तिने भाताचं पातेलं जरा जोरातच खाली ठेवलं. "मला या घराची माहिती आहे. कॅबने मी एक दिवस गेले ना, की ती गाडी कायमची ताडपत्रीखाली राहील. आणि रोजची कॅब काही होत नाही. महिन्याभरात मीच दमेन, मीच बदली मागेन, आणि तुम्ही सगळे म्हणाल, बिचारीला झेपलं नाही."

पायलने आंब्याची फोड तोंडात कोंबली आणि ताटात बघत राहिली. प्रफुल्लने डोकं हलवलं, म्हणजे ऐकलं एवढंच. रुचिराला त्याचा राग आला आणि त्याच्या चिंधी बांधलेल्या बोटाकडे पाहून रागावताही येईना, याचा आणखी राग आला.

जेवण झालं. प्रफुल्ल पंख्याखाली आडवा झाला आणि दोन मिनिटांत घोरायला लागला. बाहेर लूचा भाजणारा वारा सुटला होता. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. गयाबाईंनी खोलीचे पडदे ओढले. रुचिराने भांडी आवरली, ओटा पुसला, आणि खिडकीतून पाहिलं तर श्रीपतराव अजून अंगणातच. खुर्ची त्यांनी सावली सरकली तशी गाडीच्या आणखी जवळ ओढली होती. हा माणूस जेवल्यावर झोपला नाही असा एक दिवस तिने पाहिला नव्हता. तिच्या आणि प्रफुल्लच्या लग्नातसुद्धा ते मांडवाच्या मागे जाऊन झोपले होते.

तिने भाजी चिरायची जुनी सुरी उचलली. का, हे तिला त्या वेळी सांगता आलं नसतं. बहुधा कुणावर तरी काहीतरी चालवावंसं वाटत होतं, आणि डिस्क तोंडाने काही बोलणार नव्हती. ती बाहेर गेली, चाकासमोर बसकण मारली. लोखंड तापलेलं होतं. तिने सुरीचं टोक चंदेरी रंगावर टेकवलं आणि खरडलं. रंगाची सालपटं निघाली. एका थराखाली दुसरा, त्याखाली तिसरा.

"रंग नको खरडू," मागून श्रीपतराव म्हणाले. "गंज चढते."

"आणखी किती चढणार आहे, बाबा?"

"मी सांगून राहिलो ना. राहू दे ते."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण त्यात काहीतरी होतं. श्रीपतराव तिला कधी 'राहू दे' म्हणत नसत. 'कर, पण नीट कर' असं म्हणत. रुचिरा थांबली नाही. तिने मधल्या टोपीच्या बाजूला सुरी फिरवली, जाड पापुद्रा उचकटला, आणि त्याखाली एक खळगा लागला. खळग्यात रंग भरलेला. तिने टोक घालून तो कोरला. आत चौफुलीची खाच दिसली. स्क्रू. बरोबर समोरच्या बाजूला दुसरा. आणि मध्ये, रंगाने बुजवलेले दोन छेद, व्हिडिओतल्या त्या माणसाने दाखवले होते तसेच, तिथेच.

तिने सुरी खाली ठेवली. सकाळपासूनची ठणठण तिच्या डोक्यात एकदम पुन्हा वाजायला लागली. नवऱ्याचे सोललेले तळहात, मुंग्या, जयसिंगांची फौज, पहाटे उठून छावणीत केलेला सराव, आणि हे दोन स्क्रू.

ती उठून सासऱ्यांसमोर उभी राहिली. बाजूला उभी राहिली असती तर ते तिला दिसले असते, ती त्यांना दिसली नसती.

"बाबा, हे तुम्हाला माहीत होतं."

श्रीपतरावांनी काळा चष्मा काढला, बंडीला पुसला, पुन्हा घातला.

"तुम्हीच रंगवलेत हे. दर वर्षी रंगवलेत. तुम्हाला रेल्वेच्या डब्याचा एकेक नट आठवतो, आणि हे स्क्रू आठवले नाहीत असं मला सांगू नका. प्रफुल्लने सकाळी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

"हां," श्रीपतराव म्हणाले. "माहीत होतं."

"मग?"

लूच्या झुळकीने कडुनिंबाची पिवळी पानं बॉनेटवर पडत होती.

"तू नवीन नवीन बँकेत लागली, तेव्हा मी तुले सोडाले जाऊन राहिलो होतो," ते म्हणाले. "हजरतगंजच्या शाखेत. सकाळी सोडाचं, संध्याकाळी आनाचं. तो गार्ड मले सलाम ठोकत होता. बाबूजी आ गये, म्हने. तू आत जाऊन म्हनायची, माह्या सासऱ्यांची गाडी आली, निघते मी. इतकी वर्षं. मंग डोळे गेले, मी त्या डिव्हायडरवर गाडी घातली, आनि मीच चाबी ठेवून दिली. कोनी म्हटलं नाही मले, मीच ठेवली." त्यांनी गाडीकडे मान वळवली. "ती उभी हाय तोवर माही गाडी हाय, पोरी. चालू झाली का तुही झाली. मंग मी कुठं बसू?"

रुचिराला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, निदान राग तरी गेला असता. तिला कळलं, अगदी सगळं कळलं, आणि कळल्याचाच संताप आला. या घरात सगळ्यांचं समजून घ्यायचं काम तिचं. पायलचं वय समजून घ्यायचं, गुडघे समजून घ्यायचे, प्रफुल्लचं 'त्यात काय आहे' समजून घ्यायचं, आणि आता हेही. प्रत्येक वेळी समजून घेतलं की शेवटी तिचंच काहीतरी मागे पडायचं.

"कळलं मला," ती म्हणाली. "खरंच कळलं, बाबा. आणि वाईटही वाटलं. पण डिस्क आजच निघणार. मी उद्या जाणार, याच गाडीने, आणि एकटी जाणार. तुम्हाला वाईट वाटलं म्हणून मी थांबले, तर ही तिसरी वेळ होईल. मी नाही थांबणार."

श्रीपतराव तिच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी असं कधी बोलली नव्हती. बोलून गेलो याची तिला आता भीतीही वाटायला लागली होती. मग त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि ते उठले.

"तो जाडा पेचकस आन," ते म्हणाले. "आनि त्याले उठव. झोपा काढून राहिला."

प्रफुल्ल डोळे चोळत आला, स्क्रू पाहिले, आणि तोंड उघडं टाकून वडिलांकडे पाहू लागला. "बाबा, सकाळी तुम्ही तर..."

"विसरलो होतो," श्रीपतराव म्हणाले. रुचिराने त्यांना खोटं बोलू दिलं. प्रफुल्लला खरं सांगायला बसलं असतं तर संध्याकाळ तिथेच झाली असती.

गंजलेला स्क्रू नुसता फिरवला की त्याची खाच मोडते. आधी त्याला ठोके द्यायचे, गंज सुटू द्यायचा, मग फिरवायचा. श्रीपतराव चाकासमोर मांडी घालून बसले, पेचकस खाचेत बसवून दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, "मार." प्रफुल्ल हातोडी उचलून घुटमळला. "बाबा, हात."

"आपल्या हाताची काळजी तू सकाळी केली असती तर तुहं बोट वाचलं असतं. मार."

त्याने मारली. तीन ठोक्यांनी पहिला स्क्रू हलला, दुसऱ्याने फार भाव खाल्ला, पण तोही आला. मग रुचिराने छेदांतला रंग कोरून काढला, आणि मिस्त्रीने डिस्कसोबत ठेवलेल्या पिशवीतले दोन बोल्ट तिथे लावून ती आणि प्रफुल्ल आलटून पालटून कसत गेले. एकदा हा, एकदा तो. काही वेळ काहीच झालं नाही. मग कुठेतरी आत कटकन आवाज झाला, आणि सकाळपासून सगळ्या घराला नाचवणारी ती तबकडी सरळ रुचिराच्या मांडीत येऊन पडली. जड होती, तापलेली होती, आणि साडीला गंजाचा लांब पट्टा ओढून थांबली.

"निकल गई," पायल दारातून म्हणाली, आणि कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत तेव्हा आत जाऊन पाणी घेऊन आली.

दुसऱ्या चाकाला फार वेळ लागला नाही. कुठे खरडायचं ते आता सगळ्यांना माहीत होतं. नव्या डिस्क बसल्या, नवे पॅड बसले, चाकं चढली, ठोकळा निघाला. ऊन उतरल्यावर रुचिराने गाडी गल्लीत काढली. पहिल्यांदा ब्रेक हळूहळू दाब, एकदम दाबू नको, पॅड बसू दे, एवढं श्रीपतरावांनी फाटकातून सांगितलं. प्रफुल्ल मागे बसला. "बाबा, तुम्ही पुढे बसा ना," तो म्हणाला.

"नको," श्रीपतराव म्हणाले. "हवा घेऊन राहिलो मी."

गाडी कोपऱ्यापर्यंत गेली, थांबली, वळली, परत आली. ब्रेक लागत होते. गंजक्या डिस्कचा करवतीसारखा आवाज नव्हता. रुचिराला आनंद झाला, आणि आनंदाच्या भरात तिने फाटकाकडे पाहिलं तर तिथे कुणी नव्हतं. रात्री जेवताना श्रीपतराव एक शब्द बोलले नाहीत. दोन आंबे खाल्ले आणि झोपायला गेले. गयाबाईंनी खुणेने विचारलं, काय झालं. रुचिराने खुणेनेच सांगितलं, काही नाही. पण रात्रभर तिला झोप लागली नाही. दुपारी जे बोललं ते बरोबरच होतं, तरी थोडं कमी बोललं असतं तर चाललं असतं, असं तिच्या मनात येत राहिलं, आणि असं मनात येतं म्हणून ती स्वतःवर चिडत राहिली.

सोमवारी ती लवकर आवरून निघाली. ठेवणीतली मोतिया रंगाची साडी, कडक इस्त्री. गयाबाईंनी डबा हातात दिला, तळहातावर दहीसाखर ठेवली. प्रफुल्लने फाटक उघडलं. रुचिरा अंगणात आली आणि सवयीने सरळ डाव्या दाराकडे गेली. कडी धरली, मग स्वतःशीच पुटपुटली आणि गाडीला वळसा घालून उजवीकडे आली. एका हातात पर्स, दुसऱ्यात डबा. पदर खांद्यावरून घसरत होता. तिने कोपराने पदर सावरत दाराची कडी ओढली.

बोटांना काहीतरी चिकट लागलं. तिने हात उलटा करून पाहिला. लाल.

कडीच्या बरोबर खाली, पांढऱ्या पत्र्यावर, एक ठिपका होता. फार नीट नव्हता. रंग जरा ओघळला होता, आणि बाकीच्या तीन दारांवर असतो तिथपासून बोटभर खाली गेला होता. ज्याला बाजूचं दिसत नाही अशा माणसाने अंधुक उजेडात चाचपडत दिलेला. ओलाच होता. आता तो तिच्या बोटांवर होता, दाराच्या कडीवर होता, आणि मोतिया रंगाच्या पदरावरही आला होता.

"बाबा," ती ओरडली. "आजच द्यायचा होता का हा? साडीला लागला माझ्या."

श्रीपतराव व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते. पुढ्यात रंगाचा छोटा डबा, त्यावर आडवा ठेवलेला ब्रश. त्यांनी तिच्या आवाजाच्या दिशेने पूर्ण मान वळवली.

"वाळला नाही काय?" ते म्हणाले. "टर्पेंटाइन देऊ का?"

"नको. उशीर होतोय मला."

"मंग जा."

पदराचा डाग तिने आतल्या बाजूला वळवून पिन लावली. मग ती गाडीत बसली आणि लाल झालेल्या हातानेच चावी फिरवली.